बेसिक इलेक्ट्रिकल: आधी आकडा लिहा, मग मीटर लावा

इंजिनिअरिंग असो वा डिप्लोमा, पहिल्या वर्षाच्या इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये एका टेबलाभोवती चार-पाच जण उभे असतात. एक जण कनेक्शन करतो, दुसरा रीडिंग सांगतो, बाकीचे लिहून घेतात. सबमिशनच्या आठवड्यात तीच रीडिंगं वर्गभर फिरतात. जर्नलवर सही होते, टर्मवर्कचे मार्क पडतात आणि मल्टिमीटरची लाल वायर कोणत्या सॉकेटमध्ये घालायची हे न कळताही वर्ष निभावून जातं.

हे टाळायचं असेल तर बॅटरीवर होणारे प्रयोग घरी स्वतःच्या हातांनी करा आणि २३० व्होल्टचं काम फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली करा. दोन्हीकडे एकच शिस्त ठेवा. मीटर लावण्याआधी उत्तर किती येणार ते हिशेब करून वहीत लिहा. रीडिंग आधी दिसलं की कोणताही आकडा बरोबरच वाटतो. आकडा आधी लिहिलेला असला की फरक डोळ्यांत खुपतो आणि तो का पडला हे शोधावं लागतं. खरं शिक्षण त्या शोधण्यात होतं.

सामान

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक ब्रेडबोर्ड, जंपर वायर, दीड व्होल्टचे सहा सेल बसणारा एक होल्डर, तीन सेलचा आणखी एक होल्डर, काही एलईडी, २५ व्होल्टचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पाव वॅटचे रेझिस्टर. रेझिस्टरमध्ये १० ओहम, १ किलो (म्हणजे किलोओहम), २.२ किलो, ४.७ किलो, १० किलो, ४७ किलो आणि १ मेगओहम, प्रत्येकी दहा घ्या. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी चालते, पण ती लवकर उतरते. सहा सेल जास्त टिकतात आणि त्यातला एक सेल वेगळा काढून तपासताही येतो. मोबाइलची पॉवर बँक वापरायचा मोह होईल, पण करंट फार कमी असला की बहुतेक पॉवर बँका आपोआप बंद होतात.

पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. लहान गावात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात विचारा. भंगारातला चार्जर किंवा सीएफएल फोडून सुटे भाग काढू नका. त्यातला कपॅसिटर मेन्सच्या शिखर व्होल्टेजला, म्हणजे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो.

वहीत चार रकाने आखा: सर्किट, हिशेबाने आलेला आकडा, मोजलेला आकडा, फरकाचं कारण. चौथा रकाना रिकामा सोडायचा नाही. ‘मानवी चूक’ हे कारण तिथे चालणार नाही. तो शब्द जर्नलमध्ये शोभतो, पण त्याने काहीच कळत नाही.

मीटर आणि ब्रेडबोर्ड

मीटरची काळी वायर कायम कॉमनमध्ये. व्होल्टेज आणि रेझिस्टन्ससाठी लाल वायर ज्या सॉकेटवर व्होल्ट आणि ओहमची खूण आहे तिथे. मोठ्या करंटसाठी १० अँपियरचं वेगळं सॉकेट असतं. स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला बहुधा फ्यूजच नसतो. करंट मोजताना मीटर जवळजवळ साध्या वायरसारखा वागतो. लाल वायर त्या सॉकेटमध्ये विसरून कुणी व्होल्टेज मोजायला गेलं तर थेट शॉर्ट सर्किट होतं. म्हणून करंटचं रीडिंग घेतलं की दुसरं काहीही करण्याआधी लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे करंट मोजायचाच नाही, हिशेबाने काढायचा. माहीत असलेल्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा आणि रेझिस्टन्सने भागा. १ किलोवर जितके व्होल्ट, तितकेच मिलिअँपियर. सर्किट तोडावं लागत नाही आणि फ्यूजही उडत नाही.

ब्रेडबोर्ड वापरण्याआधी मीटरचा बझर लावून पाच मिनिटं नुसतं चाचपडा. पाच-पाच भोकांची ओळ आतून जोडलेली असते आणि मधल्या खाचेने दोन बाजू तुटलेल्या असतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांमध्ये मध्यावर तुटलेल्या असतात, हे मात्र फार कमी जणांना. सर्किट बरोबर असूनही अर्ध्या बोर्डाला सप्लाय का मिळत नाही, यात अख्खी दुपार जाऊ शकते.

मग दहा रेझिस्टरची रांग लावा, रंग वाचून किंमत लिहा आणि मोजा. तपकिरी, काळा, नारिंगी आणि शेवटी सोनेरी पट्टी म्हणजे १० किलो, पाच टक्के. मोजल्यावर ९.८ किंवा १०.१ येईल. ९.५ ते १०.५ मधलं काहीही चालतं. मोजताना दोन्ही टोकं बोटांनी धरू नका, नाहीतर शरीराचा रेझिस्टन्स समांतर जोडला जातो. १० किलोला फारसा फरक पडणार नाही, १ मेगओहमला लगेच दिसेल.

लूप

१, २.२ आणि ४.७ किलो हे तीन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून ९ व्होल्ट द्या. एकूण ७.९ किलो, म्हणून करंट १.१४ मिलिअँपियर. तिघांवरचे ड्रॉप १.१४, २.५१ आणि ५.३५ व्होल्ट. हे आधी लिहा. सेल नवे असतील तर प्रत्यक्ष सप्लाय ९.३ किंवा ९.४ निघेल. तो मोजून हिशेब पुन्हा करा.

आता काळी वायर एका दिशेने सरकवत पूर्ण फेरी मारा, बॅटरीसकट. चिन्हांसह आकडे मांडा आणि बेरीज करा, ती शून्याच्या जवळ यायला हवी. बहुतेकांचं चिन्ह इथेच चुकतं, कारण मध्येच मीटरच्या वायरी उलट धरल्या जातात. पुढे मेश ॲनालिसिसमध्ये, म्हणजे प्रत्येक लूपचं समीकरण मांडून करंट काढताना, वजा-अधिकचा घोळ होतो त्याचं मूळही इथेच असतं. लूपमधली ही बेरीज शून्य येते, हा नियम ज्याने मांडला तो किरखॉफ १८४५ मध्ये एकवीस वर्षांचा विद्यार्थीच होता.

दोन मेगओहमचा प्रयोग

वेळ एकाच प्रयोगाला मिळणार असेल तर तो याला द्या.

दोन १० किलोचे रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून ९ व्होल्ट द्या. मध्यबिंदूवर किती? साडेचार. मोजा, तसंच येईल. आता दोन्ही काढून त्या जागी १ मेगओहमचे दोन घाला. गुणोत्तर तेच, म्हणून वहीत पुन्हा ४.५ लिहा आणि मीटर लावा.

स्वस्त, पिवळ्या रंगाचा, गोल नॉबचा मीटर असेल तर बहुधा ३ व्होल्टच्या आसपास दिसेल. बरा मीटर असेल तर ४.३. पहिली प्रतिक्रिया ‘रेझिस्टर खराब आहे’ अशी असते. रेझिस्टर बदलून पाहा, काही फरक पडत नाही.

कारण असं की व्होल्टमीटर स्वतःच एक रेझिस्टर आहे. स्वस्त मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १ मेगओहम असतो, चांगल्याचा १० मेगओहम. तुम्ही मीटर लावलात तेव्हा खालच्या १ मेगओहमला आणखी १ मेगओहम समांतर जोडलात. दोघांचे मिळून ५०० किलो. आता ९ व्होल्ट १ मेगओहम आणि ५०० किलो यांच्यात वाटले जातात, म्हणजे खाली ३ व्होल्ट. १० मेगओहमचा मीटर घेतला तर खालचा रेझिस्टन्स ९०९ किलो होतो आणि उत्तर ४.२९. मीटर खोटं बोलत नाही. मीटर लावल्यानंतर तिथे खरोखरच ३ व्होल्ट असतात.

याच टेबलावर थेवेनिन, म्हणजे दोन टोकांकडून बघितलेलं सर्किट एक सोर्स आणि एक सिरीज रेझिस्टन्स म्हणून मांडण्याचा नियम, आपोआप शिकून होतो. दोन मेगओहमचं हे सर्किट मध्यबिंदूकडून बघितलं तर ४.५ व्होल्टचा सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये ५०० किलो. त्यावर १ मेगओहमचा लोड, म्हणजे ४.५ चे दोन तृतीयांश, ३ व्होल्ट. पुस्तकात थेवेनिन म्हणजे मोठं सर्किट लहान करण्याची कसरत वाटते. इथे तो मीटरच्या वागण्याचा खुलासा करतो. ताळा म्हणून १० किलोच्या जोडीवर ४.७ किलोचा लोड लावा. सोर्स ४.५ व्होल्ट, आतला रेझिस्टन्स ५ किलो, उत्तर २.१८ व्होल्ट.

सिम्युलेटरबद्दल इथेच सांगतो. सरकारच्या व्हर्च्युअल लॅब आहेत, ब्राउझरमध्ये चालणारे मोफत सिम्युलेटर आहेत, जरूर वापरा. पण सिम्युलेटरमधला व्होल्टमीटर सहसा आदर्श असतो. तो दोन मेगओहमच्या मध्ये बिनदिक्कत ४.५ दाखवेल. आधी हाताने करा, मग सिम्युलेटरमध्ये मीटरच्या जागी १ मेगओहमचा रेझिस्टर घालून तुमचं रीडिंग जुळतंय का पाहा.

सेलच्या आतलं

नव्या सेलचं व्होल्टेज मोजा, समजा १.५६ आलं. मग त्याला १० ओहमचा रेझिस्टर जोडून सेलच्याच टोकांवर पुन्हा मोजा, समजा १.४७. करंट ०.१४७ अँपियर, पडलेलं व्होल्टेज ०.०९, म्हणून आतला रेझिस्टन्स सुमारे ०.६ ओहम. रेझिस्टर गरम होतो, तेव्हा दहा सेकंदांत रीडिंग घेऊन काढा. मीटर ब्रेडबोर्डवर न लावता सेलच्या टोकांनाच लावा, कारण इतक्या कमी ओहमला बोर्डाचे संपर्क आणि वायरीही मोजण्यात येतात.

आता रिमोटमधून काढून टाकलेला जुना सेल घ्या. नुसता मोजला तर १.३ वगैरे दाखवेल आणि चांगला वाटेल. लोड लावला की कोसळतो. मीटरवर ‘सेल ठीक आहे’ पण टॉर्च पेटत नाही, या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

खुद्द ओहमलाही याच त्रासाने गाठलं होतं. त्याच्या काळचे सेल चालू असताना स्थिर राहत नसत. पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवल्यावर त्याने १८२६ मध्ये सेल सोडून तांबं आणि बिस्मथ यांचं थर्मोकपल (सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी धातूंची जोडी) घेतलं, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. तापमानं स्थिर, म्हणून व्होल्टेज स्थिर. त्यानंतर त्याचे आकडे जुळले.

सुपरपोझिशन, आणि एक धोक्याची सूचना

९ व्होल्टचा सोर्स १ किलोमधून एका बिंदूवर आणा, ४.५ व्होल्टचा दुसऱ्या १ किलोमधून त्याच बिंदूवर, आणि त्या बिंदूपासून खाली तिसरा १ किलो. दोन्ही सोर्स असताना बिंदूवर ४.५ व्होल्ट यायला हवेत. फक्त ९ चा असताना ३, फक्त ४.५ चा असताना १.५. बेरीज जुळते, हेच सुपरपोझिशन.

पुस्तक म्हणतं, ‘दुसरा सोर्स शॉर्ट करा’. दर वर्षी कुणीतरी बॅटरी जागेवर ठेवून तिच्या दोन टोकांना वायर लावतं. वायर तापते, सेल तापतात, लिथियमचे असले तर आगही लागू शकते. अर्थ असा आहे की बॅटरी सर्किटमधून काढून घ्या आणि ती जिथे जोडलेली होती तिथे वायर घाला. बॅटरी काढून जागा उघडी सोडली तर? ९ चा एकटा असताना ४.५ येतील, ४.५ चा एकटा असताना २.२५, बेरीज ६.७५. म्हणजे चुकीचं. हेही मुद्दाम करून पाहा, नियम घोकावा लागणार नाही.

बल्ब, न पेटवता

जुना ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब घरात कुठेतरी असेल. होल्डरमधून काढलेला, पूर्ण थंड झालेला बल्ब घ्या. आधी हिशेब: २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम. मग मीटरने मोजा. साठ-सत्तर ओहमच्या आसपास येईल.

बाराएक पटींचा फरक टॉलरन्सने झाकला जात नाही. पेटलेल्या बल्बची टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तापली की रेझिस्टन्स वाढतो. बटण दाबताक्षणी करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो. बल्ब बहुधा लावतानाच का जातो, याचा तुमचा अंदाज वहीत लिहा.

कपॅसिटर आणि मोबाइलचं स्टॉपवॉच

ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही, सर्किट मुद्दाम संथ करायचं. ४७ किलो आणि १००० मायक्रोफॅरड सिरीजमध्ये जोडा. दोघांचा गुणाकार ४७ सेकंद, म्हणजे कपॅसिटर ६३ टक्के भरायला लागणारा वेळ. कपॅसिटरची पट्टी असलेली बाजू ऋण, ती उलटी लावू नका, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लागला तर फुटू शकतो. मीटर कपॅसिटरवर लावा, दोन्ही टोकं १ किलोने जोडून तो रिकामा करा, मग एकाच वेळी सप्लाय आणि स्टॉपवॉच सुरू. दर दहा सेकंदांनी रीडिंग. एकाने घड्याळ, एकाने मीटर, म्हणून हा प्रयोग दोघांत करावा.

९ व्होल्टचे ६३ टक्के म्हणजे ५.७ व्होल्ट कधी येतात ते पाहा. ४७ ऐवजी ५३ सेकंद लागले तर घाबरू नका, अशा कपॅसिटरना अधिक-उणे वीस टक्के सूट असते. उलट, मोजलेल्या वेळेवरून तुमच्या हातातल्या कपॅसिटरची खरी किंमत काढा. चार-पाच मिनिटांनी व्होल्टेज ९ वर पोचायला हवं, पण १ मेगओहमच्या मीटरने ते ८.६ च्या आसपास थांबेल. का, ते आता तुम्हाला माहीत आहे. आकडा हिशेबाने काढून जुळवा. राहिलेला बारीक फरक कपॅसिटरच्या गळतीचा.

डिस्चार्जची रीडिंगं सेमीलॉग कागदावर (एक अक्ष लॉगच्या मापाचा) मांडा, सरळ रेषा येते. एक्स्पोनेन्शियल म्हणजे काय, हे त्या रेषेने जितकं पटतं तितकं सूत्राने पटत नाही.

बिघाड घालणे आणि शोधणे

जोडीदाराला तीन रेझिस्टरच्या सर्किटमध्ये तुमच्या नकळत एक बिघाड करायला सांगा: एक पाय अर्धवट बाहेर, एका रेझिस्टरला समांतर वायर, किंवा ४.७ किलोच्या जागी ४७ किलो. अट एवढीच की बॅटरी शॉर्ट होता कामा नये. तुम्ही एकही वायर न हलवता फक्त व्होल्टेज मोजून बिघाड सांगायचा. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकावर रोवा आणि लाल वायर पुढे सरकवत जा. एकाच रेझिस्टरवर पूर्ण सप्लाय दिसला तर तिथे सर्किट तुटलंय. शून्य दिसलं आणि बाकीच्यांवर नेहमीपेक्षा जास्त, तर तिथे शॉर्ट. सगळीकडे थोडथोडं पण प्रमाण बिघडलेलं, तर किंमत चुकली. बहुतेक जण पहिल्या मिनिटाला सगळं उपटून पुन्हा जोडायला घेतात. सर्किट चालू होतंही, पण काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

कॉलेजची लॅब

इथे आकडे मोठे आणि चुकीला जागा नाही. कनेक्शन करताना सप्लाय बंद, सप्लायच्या वायरी सगळ्यात शेवटी जोडायच्या आणि सगळ्यात आधी काढायच्या. तपासून घेतल्याशिवाय स्विच नाही. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) शून्यावर आहे ना ते बघूनच चालू करायचं. करंट आवरायला सिरीजमध्ये लावलेला रिओस्टॅट (सरकवून बदलता येणारा रेझिस्टर) सुरुवातीला पूर्ण रेझिस्टन्सवर. अंगठी, कडं, लोंबती ओढणी बाजूला. फ्यूज वायरींना वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच) असतो, तो तुमच्या टेबलाला आहे का ते विचारून घ्या. मीटरवरचं चिन्ह पाहा: एमसी (मूव्हिंग कॉइल) मीटर डीसीसाठी, एमआय (मूव्हिंग आयर्न) एसी-डीसी दोन्हींसाठी. वॉटमीटरचं रीडिंग मल्टिप्लायिंग फॅक्टरने गुणल्याशिवाय वहीत जाऊ देऊ नका.

एसीचा एक प्रयोग मात्र स्वतः कनेक्शन करून करायचाच. ट्यूबलाइटचा जुना, जड, तांब्याच्या तारेचा चोक आणि रिओस्टॅट सिरीजमध्ये. समजा सप्लाय २३०, रिओस्टॅटवर १३८ आणि चोकवर १६१ व्होल्ट आले. बेरीज २९९. किरखॉफ खोटा ठरला का? नाही, पण साधी बेरीज खोटी ठरली. कंपासपेटी काढा. १ सेंटिमीटरला २० व्होल्ट धरून १३८ ची आडवी रेषा काढा. तिच्या सुरुवातीच्या टोकावरून २३० चा आणि दुसऱ्या टोकावरून १६१ चा कंस मारा. कंस जिथे छेदतात तिथपर्यंत रेषा जोडल्या की फेजर आकृती, म्हणजे एसी व्होल्टेजं लांबी आणि कोनासह दाखवणारी आकृती, तयार होते.

चोक आदर्श असता तर १६१ ची रेषा काटकोनात उभी राहिली असती. ती ऐंशी अंशांच्या आसपास कललेली दिसेल. तिचा आडवा भाग मोजा, साधारण २९ व्होल्ट येतील. करंट ०.४१ अँपियर असला तर चोकचा परिणामी रेझिस्टन्स ७० ओहम. मग सप्लाय बंद करून, चोक पूर्ण सोडवून मल्टिमीटरने मोजा. आकडा त्याहून बराच कमी येईल, कारण मीटर फक्त तारेचा रेझिस्टन्स मोजतो. एसीवर लोखंडी गाभ्यातले एडी करंट आणि हिस्टेरिसिसही वीज खातात, आणि तो खर्च आकृतीत रेझिस्टन्स म्हणून दिसतो. तोंडी परीक्षेत ‘चोकचा रेझिस्टन्स किती?’ असं विचारलं तर एक आकडा सांगू नका, एसीचा विचारताय की डीसीचा ते आधी विचारा.